रबराला मुशीचं तेल

दर्यापाडा बंदर,
११ जुलै

चि. प्रतीक्षास,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

फोन केला की कापतेस, म्हणून कागद घेतलाय. दीपिका सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला येते, तिच्या हाती पाठवते. तिला बजावलंय, पोरीच्या हातातच दे आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस.

तुझं मशीन गळतंय. एका जागी नाही, चहूबाजूंनी. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठायच्या आधी बर्फाचा कारखाना चालवून बघावा म्हणून परवा रामाने बटण दाबलं, तर पत्र्यापत्र्यांच्या फटींतून पाणी. खाली घमेली लावली, टब लावले. रामा इतकी वर्षं तो कारखाना चालवतोय, त्याचाही चेहरा उतरला.

तुला आठवण करून देते, कारण तू विसरलेली दिसतेस. मच्छीमार सोसायटीचा हा कारखाना पुरुषांच्या हातात होता तेव्हा बंद पडायला आला होता. मग ‘घ्या बायांनो’ म्हणून त्याची चावी आमच्या महिला गटाच्या गळ्यात मारली. आम्ही तो उभा केला. गेल्या वर्षी नवं मशीन घ्यायचं निघालं तेव्हा सगळे म्हणत होते, पालघरच्या नीलेश शेठच्या ओळखीने घ्या. नीलेश शेठ बर्फाचा व्यापारी, त्याचा आमच्या कारखान्यावर पहिल्यापासून डोळा. मी एकटी भांडले. म्हटलं, आमच्या घरची पोरगी असलीच मशीनं आखते, तिच्याच कंपनीचं येईल. आता तीच मंडळी मला बघून घसा खाकरतात.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सोसायटीची सभा आहे. तोवर कारखाना धड झाला नाही तर पंढरी चेअरमन आमच्याकडून चावी काढून नीलेश शेठला देणार. त्याने मला तोंडावर सांगितलंय. आणि मशीन वगळून कारखाना चालवावा तर जुने पाइप तुमच्याच माणसांनी उपटून नेले.

तुमच्या कंपनीचा एक माणूस आला होता. दारातूनच बघितलं, मोबाइलवर फोटो काढले, ‘रिपोर्ट मिलेगा’ म्हणाला आणि गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

आम्ही काय हयगय केली ते तरी सांग. बंदीत होडी वर ओढल्यावर तिची निगा राखतो तशी या मशीनची राखली. उघडलं, पुसलं, सुकवलं, सगळं होडीसारखं केलं. तुझ्या बापाच्या होडीची एवढी सेवा कधी झाली नसेल.

राग उतरला नाही. आशीर्वाद राहिला.

सुगंधा आत्या


बोईसर,
१४ जुलै

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. मी आपला पहिल्या ओळीतच घालते, मला वडीलधाऱ्यांशी कसं वागायचं ते शिकवलंय. तूच शिकवलंयस.

दीपिकाकाकी खरंच समोर उभी राहिली. कंपनीच्या गेटवर, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, आणि शिफ्ट सुटलेली. ‘वाचून झाला काय?’ असं ती दर ओळीला विचारत होती. उद्यापासून कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी कोण बसतंय बघायचं.

फोन का कापते ते ऐक. आमचे साहेब, निमेश सर, माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. तुझं नाव स्क्रीनवर आलं की ते हसून विचारतात, “बुआजी का फोन? मशीन कैसी है?” ही ऑर्डर मी आणली, माझ्या गावची, माझ्या घरची. तेव्हा पाठीवर थाप मिळाली होती, आता तीच पाठ सोलली जातेय.

रामाकाकांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. आत्या, ते मशीन म्हणजे काय ते मी तुम्हाला बसवताना सांगितलं होतं. पातळ नालीदार पत्रे एकामागे एक उभे, प्रत्येकाच्या कडेने रबर. एका फटीतून बोअरचं पाणी जातं, शेजारच्या फटीतून थंड पाणी, पुढे पुन्हा बोअरचं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मध्ये फक्त पत्रा. पत्रा पातळ म्हणूनच पाणी इतकं पटकन गार होतं. आणि हा सगळा गठ्ठा दोन जाड लोखंडी पाट्यांमध्ये लांब बोल्टांनी आवळलेला असतो. किती आवळायचा त्याचं माप असतं. मी लाल रंगाने वरच्या दांड्यावर खूण करून दिली होती, या खुणेच्या आत जायचं नाही म्हणून. फोटोत पाटी खुणेच्या आत गेलेली स्वच्छ दिसतेय.

म्हणजे रामाकाकांनी नट आवळले. गळलं की आवळ, पुन्हा गळलं की पुन्हा आवळ. पत्रे चेपून एकमेकांवर बसले असतील. पाण्याच्या नळाचं वायसर आहे का ते? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. मशीन चालवता येत नाही आणि दोष माझ्या डिझाइनला.

यापुढे कोणीही त्याला हात लावू नका. हात लावायचाच असेल तर मला आधी विचारा.

प्रतीक्षा


दर्यापाडा,
१७ जुलै

प्रतीक्षा,

‘चि.’ खोडून टाकलं. चिरंजीव तू आहेसच, त्यासाठी माझी गरज दिसत नाही.

तुझं पत्र मी रामासमोर वाचलं, ही माझी चूक. त्याने हातातला पाना बाकावर ठेवला आणि घरी गेला. काल आलाच नाही. त्याच्या बायकोने, हिराने, निरोप पाठवला, “तुमच्या शिकल्याल्या पोरीला सांगा, आमी नाय कुनाचा मशीन मोडत.”

आधी गळलं, मग आवळलं. एवढा साधा क्रम तुला फोटोत दिसला नाही? मी तिथे उभी होते. गळायला लागल्यावरच त्याने नटाला हात लावला, तोही मी सांगितलं म्हणून. त्याआधी त्याने तुझ्या लाल खुणेवर पाटी आणून ठेवली होती, अगदी जिथल्या तिथे. बोईसरात बसून फोटोवरून निदान करतेस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला.

मशीन चालवता येत नाही म्हणतेस. ऐक मग आम्ही काय केलं ते. बंदी लागली त्या आठवड्यात आम्ही बायांनी मशीन उघडलं. नवसी होती, वर्षाराणी होती, मी होते. पत्रे एकेक सरकवले, मऊ फडक्याने पुसले. खारं वारं किती वाईट ते तुला माहीत आहे, पावसाळ्यात काहीही कोरडं ठेवलं की फाटतं. म्हणून मी घरचं मुशीचं तेल आणलं, जे होडीच्या फळ्यांना लावतो तेच. प्रत्येक रबराला माझ्या या हाताने चोळलं, बाळाला चोळावं तसं. रबर काळं कुळकुळीत झालं, चमकायला लागलं. वर्षाराणी म्हणाली, आता याला दहा वर्षं बघायला नको. मग पुन्हा जिथल्या तिथे लावून ठेवलं.

ही हयगय वाटते तुला? तुझ्या कंपनीतली मशीनं तरी कोणी एवढ्या मायेने पुसतं का?

रामाची माफी माग. पत्रात नको, येऊन माग.

सुगंधा


बोईसर,
१९ जुलै

आत्या!

तेल?

मी हे पत्र कंपनीत वाचलं आणि खुर्चीतून उठले. निमेश सरांना वाटलं, घरी कोणी गेलं.

अगं, ते रबर तेल पितं! ईपीडीएम म्हणतात त्याला. गरम पाणी, वाफ, धुण्याचं औषध, सगळं सोसतं, पण तेल आणि चरबी त्याच्या जिवावर उठते. तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि आपल्या खाचेतून बाहेर येतं. तुम्ही तेल चोळून, वर मशीन बंद करून, महिनाभर त्याला तेल प्यायला बसवून ठेवलंत. मग गळणार नाही तर काय होणार? एक रबर नाही, सगळीच्या सगळी गेली. मुशीचं तेल, माशाची निव्वळ चरबी! जगात कुठे, कुठल्या कारखान्यात, कोणी असं केलं नसेल.

पुस्तक दिलं होतं मशीनबरोबर. त्यात तेल लावू नये असं ठळक छापलंय. ते पुस्तक आहे कुठे? फळीवर, जवळ्याच्या डब्याखाली, हो ना? मला माहीत आहे आपलं घर. अडाणीपणाला औषध नसतं, आणि आपल्या गावाला तर त्याचा अभिमान आहे.

मी सरांना सांगितलं. सांगावंच लागलं. ते म्हणाले, बरं झालं, कस्टमरने चुकीचं वापरलं असा रिपोर्ट लिहून टाक, गॅरंटी संपली. रिपोर्टवर सही माझी लागणार, कारण डिझाइन माझं. मी करणार आहे सही. खरं तेच आहे. नवीन रबरं तुम्हाला विकत घ्यावी लागतील आणि ती गुजरातहून यायला सभा उलटून जाईल.

रामाकाकांची माफी मागते. नट त्यांनी उगाच आवळले नव्हते. पण तेल चोळणाऱ्या हाताची माफी मागायला मला सांगू नकोस.

प्रतीक्षा


दर्यापाडा,
२२ जुलै

प्रतीक्षा,

अडाणी. बरं.

हो, लावलं तेल. मी लावलं. पंढरीला सांगितलं, नवसीला सांगितलं, उद्या अख्ख्या बंदराला सांगेन. मी कशाला लपवू?

ते पुस्तक फळीवरच आहे, तुझा अंदाज खरा. ते इंग्रजीत आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आमच्या गटात कोणाला इंग्रजी वाचता येतं ते तुला माहीत होतं, कारण आमच्या गटातल्या अर्ध्या बायांनी तुला कडेवर घेतलंय. गावात येऊन मशीन बसवलंस, पेढे खाल्लेस, फोटो काढलेस. ‘आत्या, याला तेल लावायचं नाही’, एवढं एक वाक्य मराठीत बोलायला तुझं काय जात होतं?

आणि आता मी विचारते, तू उत्तर दे. आपल्या बर्फाच्या कारखान्यात कोण येतं? आम्ही. कुठून येतो? बांगडे, तारल्या उपसून. हात धुतले तरी त्यांचं तेल जातं का? क्रेट तेलकट, दोर तेलकट, जमीन तेलकट, दाराची कडी तेलकट. आज मी चोळलं म्हणून महिन्यात फुगलं. नसतं चोळलं तर दोन मोसमांत फुगलं असतं. तेलाने मरणारं रबर तू मासळीच्या घरात बसवलंस. तू या घरात जन्मलीस की तुमच्या कॅटलॉगात?

तुला शाळेत मुलं चिडवायची, केसांना मासळीचा वास येतो म्हणून. तेव्हा रडत घरी यायचीस. मला वाटलं होतं, तो वास तरी तुझ्या लक्षात राहील.

कर सही. चावी जाईल. आमच्या बाया पुन्हा नीलेश शेठच्या दारात बर्फासाठी उभ्या राहतील आणि तो उरलेला चुरा टोपलीत टाकील. पण सही करण्याआधी एक काम कर. सभेला ये, आणि पंढरीसमोर, सगळ्यांसमोर सांग, चूक कोणाची ते. माझी वाटत असेल तर माझी सांग. मी तिथेच बसलेली असेन.

सुगंधा


बोईसर,
२८ जुलै

ती. आत्यास,

तुझं पत्र आल्यावर मी उत्तर लिहायला बसले आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि फाडलं. सगळ्यांत तुझ्यावर ओरडत होते. मग कळलं की ओरडायला कारण उरलेलं नाही, म्हणून आणखीच संताप आला.

ते रबर मी निवडलं नव्हतं. निवडलं असतं तर विचार केला असता. आमच्याकडे दुधाच्या डेअऱ्यांची मशीनं जास्त बनतात. डेअरीत रोज गरम कॉस्टिक सोड्याने धुतात, म्हणून तिथे ईपीडीएम लागतं. तुमचं पाणी, तुमचं तापमान डेअरीच्या एका जुन्या कामाशी जुळत होतं. मी ते डिझाइन उचललं, पत्र्यांची संख्या बदलली आणि पुढे पाठवलं. आपल्या कारखान्यात गरम कॉस्टिक कोण ओततंय? पाण्याचा वेग काढला, दाब काढला, उष्णतेचा हिशेब चोख बसवला, आणि त्या खोलीत कोण उभं राहणार हे एकदाही डोळ्यांसमोर आणलं नाही.

निमेश सरांना सांगितलं की मी तो रिपोर्ट लिहिणार नाही. ते आधी हसले. मग दार लावून घेतलं. “घरवालों के लिए कंपनी डुबाओगी?” म्हणाले. मी म्हटलं, घरच्यांसाठी नाही, मासळीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण हेच रबर देतोय, उद्या दुसरीकडे गळेल तेव्हा तिथे कोणाची आत्या सापडेल? त्यावर ते टेबलावर हात आपटून ओरडले. मीही ओरडले. बाहेर सगळं ऑफिस कान लावून होतं.

शेवट असा झाला. तेल सोसणारं नायट्राइलचं रबर याच मापात आमच्या कुंभवलीच्या गोदामात आहे, ऑइल कूलरसाठी, म्हणजे तेल गार करणाऱ्या मशीनांसाठी ठेवलेलं. ते कंपनी देईल. पण मी लिहून द्यायचं की निवड माझी चुकली. दिलं लिहून. यंदाची बढती गेली, नोकरी आहे.

गुरुवारी फिटर बबलूला घेऊन येते. रामाकाकांना म्हणावं, पाना घेऊन या, त्यांच्याशिवाय मी नटाला हात लावणार नाही. चेपलेले पत्रे बदलून देते. आणि रविवारी सभेला थांबते.

नायट्राइलला तेल चालतं. म्हणून चोळायला बसू नका!

प्रतीक्षा


बोईसर,
४ ऑगस्ट

आत्या,

आता नमस्कार नाही.

मला कशाला बोलावलंस? हे बघायला?

गुरुवारी मी आणि रामाकाका दिवसभर त्या गठ्ठ्यात वाकून होतो. तिरक्या जोडीने नट फिरवत लाल खुणेवर पाटी आणली, पाणी सोडलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. कोरडं राहिलं. रामाकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, सगळं निस्तरलं.

आणि रविवारी तुझ्या शब्दाला जागून मी उभी राहिले. म्हटलं, रबर मी चुकीचं निवडलं, गळती माझ्या डिझाइनमुळे झाली, बायांची चूक नाही. पंढरीकाका काय म्हणाले? “ऐकला का? पोर कबूल करते हाय. बाईनं बनवला, बायांनी चालवला, आनि पानी पुसाला आमी.” सगळे पुरुष हसले. त्यांना तेच हवं होतं, आणि मी ते माझ्या हाताने ताटात वाढलं. मी खोटं बोलले असते, पत्रा सदोष आला म्हटलं असतं, तर चावी राहिली असती.

आणि तू! अख्ख्या बंदराला दम देणारी तू एक शब्द बोलली नाहीस. पंढरीकाकांनी चावी मागितली तशी कनवटीची काढलीस, टेबलावर ठेवलीस, आणि पुन्हा जाऊन बसलीस. मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

नीलेश शेठने ती चावी उचलून खिशात टाकली, आणि मी दुरुस्त केलेलं मशीन आता त्याचा बर्फ गार करणार. याच्यासाठी मी बढती घालवली.

नारळी पौर्णिमेला मी येणार नाही. वाट बघू नका.

प्रतीक्षा


दर्यापाडा,
१९ ऑगस्ट

प्रतीक्षा,

पौर्णिमेला आली नाहीस. तुझ्या बाबाने समुद्राला नारळ वाहिला आणि घरी येऊन जेवला नाही. तुझी गुर्मी आमच्याच घराण्याची आहे, म्हणून सोडून देते.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

तू सभेतून डोळे पुसत निघालीस, त्यानंतर आम्ही बाया तिथेच बसून होतो. नवसी म्हणाली, “नीलेशचा बरफ घेतात ना, मग मासली पन नीलेशलाच इकू दे.” बास, एवढंच. ठराव नाही, भाषण नाही. पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, नीलेश शेठचा बर्फ भरून गेल्या. पहिली होडी परत आली तेव्हा बंदरावर एकही बाई उतरली नाही. पापलेट, रावस, सगळं वाळूवर. लिलाव पुकारायला कोणी नाही, निवडायला नाही, पालघरच्या आणि बोईसरच्या बाजारात पाट्या घेऊन जायला कोणी नाही. पुरुषांनी आयुष्यात कधी मासळी विकली आहे का? पंढरी घरी धावत गेला, तर वर्षाराणी, त्याचीच बायको, दार आडवं लावून सुपात तांदूळ निवडत बसलेली. “माझी कंबर दुकते हाय,” म्हणाली.

मग नीलेश शेठ पुढे झाला आणि त्याने त्याचा भाव सांगितला. पापलेटला बोंबलाचा भाव! होडीवाले त्याच्या अंगावर धावले. त्या दिवशी बंदरावर ज्या शिव्या झाल्या त्या मी तुला लिहीत नाही, तुला त्या सगळ्या येतात.

दुसरी होडी आली, तिसरी आली. आम्ही घरीच. शेवटी काल पंढरी ओसरीवर आला, हातात चावी. म्हणाला, “सुगंधा, घे. झाला गेला इसर.” मी हात पुढे केला नाही. म्हटलं, सभेत काढून घेतलीस, सभेतच दे. ज्यांच्यासमोर हसलास त्यांच्यासमोर दे. तो लालबुंद झाला, पण कबूल झाला. सभा येत्या रविवारी आहे.

आता तुझं. मी गप्प का बसले विचारतेस? मी कान देऊन बसले होते. शेजारच्या खोलीत मशीन चालू होतं, भिंतीतून त्याचा आवाज येत होता, खाली एक थेंब नव्हता. ते कोणी चालू केलं, कसं केलं, साहेबाशी भांडून रबर कोणी आणलं, हे तू सांगशील म्हणून मी वाट बघत होते. चूक माझी म्हणालीस आणि मटकन खाली बसलीस. अर्धंच बोललीस! त्या अर्ध्यावरच ते हसले. माझा संताप झाला तो त्यांच्यावर नाही, तुझ्यावर. म्हणून बघितलं नाही तुझ्याकडे. बघितलं असतं तर तिथेच थोबाडीत दिली असती.

खोटं बोलायला हवं होतं असं पुन्हा लिहू नकोस. तेल मी लावलं हे मी सगळ्या बंदराला सांगितलं, माझं काय झडलं?

रविवारी ये. सुट्टी मिळो न मिळो, ये. तुझी चूक गावाला आता तोंडपाठ झालीय. ते मशीन दुरुस्त कोणी केलं हे मात्र अजून कोणी ऐकलेलं नाही, आणि ते मी सांगणार नाही. रामा सांगणार नाही. तूच उभी राहायचंस, मान वर करून, पंढरीकडे बघून, मोठ्याने सांगायचंस. आणि मी सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

सुगंधा आत्या